सव्वीस वर्षं न हललेली बाई

लोक कामाला जातात, मी बसायला जाते. हे वाक्य माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. हे शिंपी आहेत, स्वतः दिवसभर बसून मशीन चालवतात, पण बसण्यावरून टोमणे मात्र मला. कुणी पाहुणा आला की ह्यांची सुरुवात ठरलेली. "आमच्या हिला कॉलेजात मोठा मान आहे बरं का. ही एकटी बसते आणि तीस जण उभे राहून तिच्याकडे बघतात." पाहुणा हसतो, हे हसतात आणि मी आत भांडी जरा जोरात आपटते.

खरं सांगायचं तर ह्यात खोटं काहीच नाही. मी चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल आहे. मॉडेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उंच टाचांवर चालणारी कुणीतरी येते, म्हणून आधीच सांगून टाकते: मी साठीला टेकलेली, बुटकी, अंगानं भरलेली बाई आहे आणि माझं काम चालण्याचं नाही, न हलण्याचं आहे. वर्गाच्या मधोमध लाकडी चौथरा, त्यावर स्टूल, स्टुलावर मी आणि माझ्या अंगाभोवती कॉलेजची निळी शाल. पाऊण तास बसायचं, दहा मिनिटं सुट्टी, पुन्हा पाऊण तास. उठण्याआधी पावलांभोवती खडूनं रेघ ओढून घ्यायची, म्हणजे परत आल्यावर पाय बरोब्बर त्याच जागी पडतात. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. एकदा छताचा पोपडा डोक्यावर पडला तरी मी हलले नव्हते, आणि पोरांनी तो पोपडासुद्धा चित्रात काढला होता. सव्वीस वर्षांत मी एकदाही पोज मोडलेली नाही. म्हणून कॉलेजात मला सगळे पुतळामावशी म्हणतात आणि मला ते नाव भलतंच आवडतं.

आमच्या कॉलेजची एक पद्धत आहे. कलेचा इतिहास शिकवणाऱ्या बाई पहिल्या वर्षाच्या पोरांना पुस्तक उघडूच देत नाहीत. इतिहास डोक्यातून नाही, हातातून गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्षातला एकेक महिना एकेका काळाचा. त्या काळचे लोक जसं काढायचे तसंच त्या महिन्यात काढायचं, आणि काढायचं मलाच. बाईंना हा इतिहास तोंडपाठ आहे, मला तो मणक्यापाठ आहे.

पहिला महिना गुहेत राहणाऱ्यांचा. त्या महिन्यात मला सुट्टी. "गुहेतल्या माणसापुढे कोण बसणार होतं, मावशी?" बाई दरवर्षी म्हणायच्या. "रेडा काय पाऊण तास स्टुलावर बसला असता?" मग पोरं पुठ्ठ्यांवर रेडे आणि घोडे काढायची आणि मी घरी गाद्यांना ऊन दाखवायची. त्यानंतर पिरॅमिडवाल्यांचा महिना. तोंड बाजूला, डोळा समोर, खांदे समोर, पाय परत बाजूला. माणूस असा वळत नाही हे त्या राजांना सांगायची कुणाची हिंमत झाली नसावी. त्या महिन्यात अवघडलेली मान पुढचे दोन महिने सुटत नाही. मग सोनेरी वर्खाचा महिना, ज्यात महत्त्वाचं माणूस मोठं काढायचं आणि बिनमहत्त्वाचं लहान. तेव्हा मी तीन मजली इमारतीपेक्षा उंच असते आणि घरी जातानाही जरा ताठ चालते. मग दोऱ्यांचा महिना येतो. लाकडी चौकटीत उभेआडवे दोरे ताणून पोरं एक डोळा मिटून त्यातून माझ्याकडे बघतात, कारण लांबचं लहान कसं आणि किती दिसतं ह्याचा हिशेब त्या काळी नुकताच कुणाला तरी जमला होता. मग एका दिव्याचा महिना, मग उन्हाचा, मग ठिपक्यांचा, मग तुकड्यांचा. शेवटच्या महिन्यात तर माझ्याकडे कुणी बघतच नाही, तरी बसावं लागतं.

हे सगळं आता संपत आलं होतं, कारण माझ्या गुडघ्यांनी माझ्याआधीच राजीनामा दिला होता. शेवटचा दिवस शुक्रवार ठरला. निरोपाची भेट काय हवी, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "घड्याळ नको, फुलं नकोत. स्टोअरमध्ये माझी सव्वीस वर्षांची चित्रं पडली आहेत, त्यातलं एक द्या." ते म्हणाले, हवं ते घ्या.

ते एक चित्र मला कशाला हवं होतं ते सांगते. जावयाला लांबची नोकरी लागली होती. इतकी लांब, की आपण जेवायला बसलो की तिथले लोक अंथरुणातून उठतात. रविवारी लेक, जावई आणि नात निघणार होते, तीन वर्षांसाठी. नात चार वर्षांची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, का ते पुढे कळेलच. चार वर्षांच्या पोरीला काय आठवतं ते मला चांगलं माहीत आहे. माझी आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तिचा चेहरा मला आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसले तरी नाही. फोटो आहेत मोबाईलमध्ये, पण मोबाईलमध्ये सगळ्या जगाचे फोटो असतात. मला भिंगरीच्या नव्या घरात भिंतीवर असायचं होतं. तिनं रोज येता-जाता बघायला हवं आणि बघून म्हणायला हवं, ही माझी आजी.

ह्यांनी एक चौकट आणून ठेवली. काचेवर फुंकर मारून पुसत म्हणाले, "बघू तरी, इतकी वर्षं बसलीस की नुसत्याच झोपा काढल्यास."

शुक्रवारी लेकीच्या घरी बांधाबांध चालली होती. भिंगरी प्रत्येक भरलेल्या खोक्यातून एकेक वस्तू बाहेर काढत होती, म्हणून लेकीनं तिला माझ्या गळ्यात घातलं. मलाही तेच हवं होतं. चित्र भिंगरीसाठी होतं, मग निवड तिच्याकडूनच करून घेऊ. चार वर्षांची पोर खोटं बोलत नाही आणि चित्रकलेतलं तिला काही कळत नाही, म्हणजे परीक्षक म्हणून सर्वात चांगली.

स्टोअर सांभाळतात ते कुलूपकाका. त्यांचं जग म्हणजे तीन कुलपं आणि त्यांच्या तीन किल्ल्या. कोणती किल्ली कोणत्या कुलपाची हे त्यांना अजून पाठ नाही, त्यामुळे दार उघडायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात भिंगरीनं बाहेर ठेवलेलं पुतळ्याचं प्लास्टरचं डोकं दोनदा पुसून घेतलं. बिनडोळ्यांचं ते डोकं तिला फार आवडलं.

"ताई, घ्या काय हवं ते," कुलूपकाका दार ढकलत म्हणाले. "पण जपून हं. इथं तुम्हीच तुम्ही आहात. एकीला हात लावला की दुसरी पडते."

आणि खरंच, खोलीभर मीच होते. फळ्यांवर, खणांत, भिंतीला टेकून, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत. मला एकदम हसू फुटलं. इतक्या जणी मी कधी एकत्र पाहिल्या नव्हत्या. सगळ्यांना निळी शाल.

"भिंगरे," मी म्हटलं, "ह्या सगळ्या चित्रांत आजी लपली आहे. तू शोधायची. कळलं?"

भिंगरीला शोधाशोधीचा खेळ म्हणजे जीव की प्राण. तिनं बाह्या वर केल्या.

मी पहिला गठ्ठा सोडला तो पिरॅमिडवाल्यांचा. एका रांगेत सात जणी मी, सगळ्या एका बाजूला तोंड करून, हातात कसली तरी थाळी धरून निघालेल्या. भिंगरीनं नीट पाहिलं. "मांजरं," ती म्हणाली. कुलूपकाकांना खोकला आला. सोनेरी वर्खातल्या मला बघून तिनं विचारलं की ही बाई घराला पाय लागून पडेल का. एका दिव्याच्या महिन्यातलं एक मोठं चित्र मी स्वतः मोठ्या आशेनं काढून आणलं. त्यात माझा अर्धा चेहरा उजेडात आहे आणि अर्धा पार काळोखात बुडालाय, आणि ते काढणारा मुलगा पुढे फार नावाजला. भिंगरीनं कागद उलटा केला, मागे बघितलं आणि विचारलं, "उरलेली कुठंय?"

उन्हाच्या महिन्यातल्या चित्रांची मला खात्री होती. त्या महिन्यात आम्ही अंगणात बसतो. ऊन सरकतं तशी पोरं घाईघाईनं रंग थापतात, आणि मी सकाळी गुलाबी असते, दुपारी हिरवी. भिंगरीनं तीस चित्रं पाहिली. तिला एकात सरबत दिसलं, एकात बाग दिसली आणि एकात, चक्क, तिचे आजोबा दिसले. मी तिला म्हटलं, "आजोबा कुठले? मीच आहे ती." "आजोबाच आहेत," ती ठामपणे म्हणाली. "पोट बघ."

ठिपक्यांतल्या मला गोवर आला होता. तुकड्यांच्या महिन्यातली मी फरशीवर पडून फुटल्यासारखी होते, नाक एका कोपऱ्यात, कान तिसऱ्याच गल्लीत. भिंगरी घाबरली नाही, उलट फार गंभीरपणे म्हणाली, "चिकटव ना हिला." आणि शेवटच्या महिन्यातल्या एका भल्यामोठ्या पांढऱ्या कागदावर नुसता एक निळा चौकोन होता. खाली लिहिलं होतं, 'मावशी बसल्या आहेत.'

"ह्यात मी कुठं आहे हो?" मी कुलूपकाकांना विचारलं.

कुलूपकाकांनी चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "शालीच्या आत असाल," ते म्हणाले.

मी हसत होते, भिंगरी हसत होती, कुलूपकाकांचे खांदे हलत होते, आणि तरी मी मनात मोजत होते. मांजर झाले, सरबत झाले, आजोबासुद्धा झाले. आजी झाले नव्हते.

"एक राहिलं," कुलूपकाका म्हणाले. सर्वात खालच्या खणातून त्यांनी पातळ कागदात गुंडाळलेलं एक चित्र काढलं. "हे मी कुणाला दाखवत नाही. हात लावतात लोक."

ते अकरा वर्षांपूर्वीचं होतं. एका मुलीनं नुसत्या पेन्सिलीनं, दोन महिने खपून काढलेलं, पहिलं बक्षीस मिळालेलं. हनुवटीवरचा तीळ होता. पोलक्याच्या वरच्या बटणाचा सुटलेला दोरा होता. डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण होती, ती ह्यांनासुद्धा लग्नानंतर दोन वर्षांनी दिसली होती. मी स्वतःला आरशात इतकं नीट कधी पाहिलं नव्हतं.

"हं," मी शेवटी म्हटलं. "सांग भिंगरे. ही कोण?"

भिंगरीनं खूप वेळ पाहिलं. तिळावर बोट ठेवलं. मग माझ्या हनुवटीकडे पाहिलं.

"ही बाई कोण आहे?" तिनं विचारलं.

"अगं, आजी आहे ही. तीळ बघ ना."

"नाही." तिनं मान हलवली. "ही गप्प आहे."

मी जवळच्या गठ्ठ्यावरच बसले. पोरीचं बरोबर होतं. ती जन्मल्यापासून मी तिच्यासमोर एकदाही गप्प बसलेली नाही. मी उठते बोलत, स्वयंपाक करते बोलत, झोपेतही कुणाला तरी झापते, असं हे म्हणतात. हात माझे चाकासारखे फिरत असतात. तीस तीस पोरांच्या सव्वीस तुकड्यांनी, एवढ्या सगळ्या काळांच्या एवढ्या सगळ्या पद्धतींनी मला काढलं, आणि त्यातल्या एकानंही मला काढलं नव्हतं. त्यांनी काढली होती ती चौथऱ्यावरची बाई. तिची आणि भिंगरीची कधी गाठच पडलेली नव्हती. आणि ती बाई मीच बनवली होती, न हलता, मोठ्या अभिमानानं. मला फार वाईट वाटलं. रडायला आलं असं लिहायला लाज वाटते, पण आलं.

"ताई," कुलूपकाका हळूच म्हणाले, "पोरगी बोलली ते खरंय हो. मी तुम्हाला एवढी वर्षं वर्गाच्या दाराबाहेर ओळखतो. तुम्ही कधी गप्पही असता हे मला ह्या चित्रांवरूनच कळलं."

तेवढ्यात घंटा झाली. माझी शेवटची बैठक.

वर्गात तीस जण चित्रफळकांपुढे तयार होते. बाई म्हणाल्या की आज कुठला काळ नाही, कुठली पद्धत नाही, ज्याला जसं काढायचं तसं काढा, मावशी पुन्हा मिळायच्या नाहीत. मी शाल घेतली, स्टुलावर बसले, पावलांभोवती खडूची रेघ ओढली आणि समोरच्या खिडकीच्या कडीवर नजर लावली. भिंगरीला कोपऱ्यात कागद आणि रंगीत खडू देऊन बसवलं होतं. "हलायचं नाही," मी तिला बजावलं होतं.

माझ्या अगदी पुढ्यात उभी होती ती खोडरबर. हे तिचं वर्गातलं नाव. ही पोर एक रेघ ओढायची आणि दोन खोडायची. वर्षभरात हिचं एकही चित्र पुरं झालेलं नव्हतं, कागद आधी झिजायचा. तिच्याकडे साबणाच्या वडीएवढा एक पांढराशुभ्र खोडरबर होता. पेन्सिल विसरून यायची, तो नाही. आजही माझ्या कपाळाची रेघ तिनं चार वेळा खोडलेली मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती.

भिंगरी दोन मिनिटं बसली. तिच्या मानानं हा विक्रमच म्हणायचा. मग ती उठली आणि एकेका फळकापुढे जाऊन पाहणी करायला लागली. "ही आजी नाही," पहिल्यापाशी म्हणाली. पुढच्याकडे गेली. "ही पण नाही." वर्गात खुसखुस सुरू झाली. तिसरा चष्मेवाला मुलगा, नाक काढण्यात स्वतःला फार हुशार समजणारा. "ह्या बाईला सर्दी झालीय," भिंगरी म्हणाली. मी हलले नाही. ओठ आतून चावून धरला, पण हलले नाही. सव्वीस वर्षं म्हणजे सव्वीस वर्षं.

फिरत फिरत ती खोडरबरपाशी आली. तिथं तिला तो पांढराशुभ्र तुकडा दिसला. तिनं तो उचलला, हुंगला, आणि तोंड उघडून कचकन चावला.

पुढचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं की शाल एकीकडे गेली, स्टूल दुसरीकडे, आणि मी चौथऱ्यावरून अशी उडी मारली की माझे गुडघे अजून त्याबद्दल बोलतात.

"थूक! थूक म्हणते ना! काय खाशील त्याचा नेम नाही! थूक आधी!"

भिंगरीला वाटलं, पकडापकडी. तुकडा तिनं थुंकला, पण उरलेला खोडरबर मुठीत घट्ट धरून ती जी सुटली ती फळकांच्या मधून, पायांखालून, फळ्यामागून. मी तिच्या मागे. माझी एक चप्पल उडून कुणाच्या तरी पाण्याच्या डब्यात पडली. तीस जण तोंडं उघडी टाकून बघत होते. पुतळा पळत होता!

आणि मग बाईंचा आवाज आला. बाई तशा मृदू बोलणाऱ्या, पण त्या दिवशी त्या अक्षरशः ओरडल्या. "बघत काय बसलात? काढा! अरे, काढा!"

कागदांवर एकदम सरसर सुरू झाली. मी पळताना बोलत होते, आणि एकदा तोंड सुटल्यावर ते एका भिंगरीवर कुठलं थांबतंय? "हसतोस काय रे चष्मेवाल्या? वर्षभर माझं नाक कांद्याएवढं काढतोस, मला दिसत नाही वाटतं? आणि तू, खिडकीपाशी! माझ्या पोटाची मापं दोऱ्यांतून घेताना शेजारणीला काय म्हणालास ते मी ऐकलंय! मी हलत नाही म्हणजे बहिरी आहे का? बाई, तुम्हीसुद्धा! पिरॅमिडवाल्यांच्या महिन्यात एकदा तरी मान दुसऱ्या बाजूला वळवू दिलीत का? भिंगरे! थांब म्हणते ना! पडशील!"

ती माझ्याच खडूच्या पावलांत पाय ठेवून चौथऱ्यावर उभी राहिली आणि खदखदा हसायला लागली, तेव्हा कुठे माझ्या हाती लागली. मी तिला उचललं. मला धाप लागली होती, केस सुटले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली होती. सगळा वर्ग हसत होता, बाई डोळे पुसत होत्या, दारात कुलूपकाका किल्ल्या वाजवत उभे होते.

रडत होती ती एकटी खोडरबर.

"मला खोडता आलं नाही," ती हुंदके देत म्हणाली. "बाई म्हणाल्या काढा, आणि माझा रबर हिच्याकडे. मावशी सारख्या हलत होत्या. सगळं चुकलं. मला काहीच खोडता आलं नाही!"

आम्ही तिच्या कागदाभोवती जमलो. कागदावर एक बाई होती. तिला आठ हात होते. एक कमरेवर, एक बोट रोखलेला, दोन पुढे धावलेले, एक केस मागे सारणारा, बाकीचे कुठे कुठे. तोंडं तीन, तिन्ही उघडी. पायांचा तर पत्ता नाही, नुसता भोवरा, आणि कोपऱ्यात हवेत एक चप्पल. जिथं जिथं मी गेले होते तिथली रेघ तिनं ओढली होती, आणि एकही पुसली गेली नव्हती.

"मावशींचा आठ पायांचा कोळी झालाय," चष्मेवाला म्हणाला. मीही तेच म्हणणार होते.

पण माझ्या कडेवरून भिंगरी एकदम पुढे झुकली. तिनं दोन्ही हात कागदाकडे टाकले आणि गळा फाडून ओरडली, "आजी! आजी सापडली! मी शोधली!"

भिंगरीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या तीन तोंडांकडे पाहिलं आणि खात्री पटल्यासारखी मान हलवली. "मला रागावतेय," ती आनंदानं म्हणाली.

बाई चित्राजवळ आल्या. मग खोडरबरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "गुहेतल्या काही रेड्यांना आठ पाय आहेत, आठवतं? तुम्ही सगळे हसला होतात. त्या माणसापुढे कुणी बसून राहत नव्हतं. जे पळत होतं तेच त्यानं काढलं." मग माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुमचा पहिला महिना राहिला होता. तो आज झाला."

खोडरबरनं नाक पुसलं. "म्हणजे हे पुरं झालं?"

"हात लावलास तर बघ," मी म्हटलं.

घरी आणलं तेव्हा हे मशीनवर होते. त्यांनी चष्मा लावला, चित्र मांडीवर घेतलं आणि कापड तपासावं तसं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पाहिलं. बोटानं हात मोजले. "आठच?" ते म्हणाले. "कमी काढलेत." मग उठून आत गेले आणि खूप वेळ बाहेर आले नाहीत. लेकीला इतकं हसू आलं की ती खोक्यावरच बसली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. तिनं चित्र कपड्यांच्या मधोमध, सर्वात मऊ जागी ठेवलं.

रविवारी सकाळी गाडी दारात आली. रडायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि त्यासाठी लागणारी विद्या माझ्याकडे होतीच. पाय जमिनीत रोवायचे, हनुवटी सरळ, श्वास खाली, नजर एका वस्तूवर. मी समोरच्या दिव्याच्या खांबावर नजर लावली आणि उभी राहिले. जावई पाया पडले, लेक गळ्यात पडली, सामान चढलं, दारं लागली. मी पापणीही हलवली नाही. असली बैठक मी कॉलेजात कधी दिली नव्हती.

गाडी सुरू झाली. मागच्या काचेत भिंगरीचं तोंड दिसत होतं. ती हात हलवत नव्हती. कपाळाला आठ्या घालून बघत होती, माझ्याकडे, माझ्या शेजारी, फाटकाकडे, परत माझ्याकडे. ती कुणाला तरी शोधत होती.

फाटकापाशी ती गप्प बाई उभी होती.

"भिंगरे!" मी ओरडले. "अगं भिंगरे! खाली नीट बस! आईला त्रास देऊ नकोस! तिथं कुणाचाही रबर खायचा नाही, ऐकलंस का?" दोन्ही हात हलवत मी रस्त्यात धावले. डोळ्यांतून, नाकातून पाणी येत होतं, एक चप्पल कुठं तरी मागे राहिली, शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. "आणि फोनवर बोलायचं! रोज! कळलं का? गप्प बसलीस तर याद राख!"

काचेमागे भिंगरीचं सगळं तोंड फुललं. आवाज ऐकू आला नाही, पण ओठ मला नीट दिसले. आजी.

गाडी कोपऱ्यावर वळली. मागून हे माझी चप्पल हातात घेऊन आले आणि माझ्या पायाशी ठेवली.

"गेली ती," हे म्हणाले.

"माहितीये," मी म्हटलं आणि हात हलवत राहिले.